पुढच्या स्टेशनपर्यंत

आधी माफी मागतो. मराठी मी घरातच ऐकली, शाळा-कॉलेज सगळं हिंदीत. घरात कॉलेजात जाणारा मीच पहिला, म्हणून बाबांच्या घशाच्या ऑपरेशनचे कागद मी वाचायचे, असं ठरलं होतं. मी ते चुकीचे वाचले.

बाबा झाशीजवळच्या एका स्टेशनच्या सिग्नल केबिनमध्ये कामाला होते. पुढच्या स्टेशनला घंटीचे दोन ठोके देऊन विचारायचं, लाइन क्लिअर? तिकडून दोन ठोके परत आले की गाडी सोडायची. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं. ते गळ्याच्या भोकातून श्वास घेऊ लागले आणि घरात लिहून बोलायला पाटी आली.

रिपोर्टमध्ये होतं, ‘मार्जिन क्लिअर’. मी ओरडलोच, "आई, क्लिअर! सगळा आजार गेला!" आईने आमच्या नगरा मोहल्ल्यात शेजारपाजारी पेढे वाटले. संध्याकाळी बाबांचे केबिनमधले जोडीदार आले, तळहातावर तंबाखू मळतच. "अब तो लाइन क्लियर है, भैया! एक चुटकी तो बनती है."

बाबांचा हात पुढे झाला. मध्येच थांबला. त्यांनी पाटी ओढली आणि माझ्यापुढे धरली: ‘कुठपर्यंत?’

मी रिपोर्ट पुन्हा उघडला.

दुसऱ्या दिवशी ग्वाल्हेरला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बेटा, जो टुकड़ा काटा, उसका किनारा साफ़ है, बस इतना. गर्दन की एक गांठ में बीमारी मिली है, इसलिए लौट सकती है. रेडिएशन की सिंकाई पूरी कराओ. तंबाकू छुआ तो खतरा और बढ़ेगा. पहले दो साल ज़्यादा संभालना, एक भी जांच मत छोड़ना."

बाबांनी लिहिलं, ‘म्हणजे पुढच्या स्टेशनपर्यंतच.’

"क्या लिखा है?" डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं. ते पाटीकडे बघतच राहिले. मीही. चौथी शिकलेल्या माणसाला एका शब्दावरून जे कळलं, ते मला पुस्तकं वाचून कळलं नव्हतं.

त्यानंतर जोडीदार "बड़े साहब हो गए!" म्हणून चिडवायचे. बाबा हसायचे आणि हात मागे बांधायचे. प्रत्येक तपासणीला ते केबिनच्या ड्युटीसारखे, वेळेआधी निघत.

दोन वर्षं होत आली आणि मानेत पुन्हा एक गाठ हाताला लागली. तुकडा तपासायला गेला. निकालाच्या दिवशी माझा पेपर होता, आई त्यांच्यासोबत गेली. मी परत येऊन शेजाऱ्यांच्या फोनपाशी बसलो. रिंग वाजली.

"थांब," आई म्हणाली, "यांनाच बोलायचंय."

पलीकडे फक्त गळ्यातला श्वास. मी नखाने रिसीव्हरवर दोनदा वाजवलं.



मग टक, टक.