आईचे वर गेलेले हात

काल कापडदुकानाच्या दारात पहारेकरीण एका बाईची पिशवी चाचपत होती. बाईने न सांगताच दोन्ही हात वर केले आणि मला माझी आईच दिसली हो.

आई बिस्किटांच्या कारखान्यात होती. सुटताना फाटकावर बायकांची रोज झडती. घरी आल्यावर झडतीला आम्ही भावंडं होतोच! तिच्या पदराला बिस्किटांचा वास आणि उघडून बघावं तर जेवणाचा डबा रिकामा. "खरं सांग आई, कुठं लपवलंस?" ती हसून हात वर करायची, "घ्या, तुम्हीही बघून घ्या."

एका रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या दारात पाळकसाहेबांनी हात मिळवायला पुढे केला, तर आईने सवयीने दोन्ही हात वर केले. मागच्या बायका खिदळल्या. पाळकसाहेबही हसले, पण त्यांची नजर तिच्या पिशवीवर गेलीच, असं मला अजून वाटतं. रोज संशय घेतला की माणसाचे हात आपोआप वर जातात, समोर कुणीही असो.

दुसऱ्या दिवशी मी डबा उघडला नाही, असं म्हटलं असतं. पण खोटं कशाला बोलू? उघडला. आई समोरच उभी होती, हात वर करून. या वेळी हसत नव्हती.