पंप, फिल्टर आणि चाचांचा शेरू

पेणमध्ये मोटारपंपाचं दुकान आहे म्हटल्यावर लोक विचारतात, "कंटाळा नाही येत?" अहो, कंटाळा यायला वेळ तर मिळाला पाहिजे! पूर्वी भातवाले शेतकरी यायचे, पंप उचलायचे, विषय संपला. मग परसात हौद बांधून रंगीत मासे पाळायचं वेड आलं आणि माझ्या काउंटरवर एकेक नमुना येऊन बसायला लागला. मीही एका काचेच्या टाकीत मासे विकायला ठेवले. तुम्ही चहा सांगा, मी किस्से सांगतो.

*

पंप निवडताना माझा पहिला प्रश्न ठरलेला. हौदात पाणी किती? लिटर कोणालाच माहीत नसतात. गडब गावचे एक भाऊ म्हणाले, "दोन म्हशी बसतील एवढं."

मी चेष्टेनं विचारलं, "बसलेल्या की उभ्या?"

भाऊ विचारात पडले आणि निघून गेले. तासाभरानं फोन. "शेट, बसल्या! पण आता उठत नाय, काय करू?"

*

रोह्याचे चाचा मात्र लांबी, रुंदी, खोली सगळं कागदावर लिहून आले. त्यांचा मुलगा अस्लम नोकरीसाठी गल्फला जाताना मागच्या दारी हौद बांधून गेला होता. त्यात एकच मासा. केशरी, बोटाएवढा, डोक्यावर काळा ठिपका. नाव शेरू!

चाचांनी सगळ्यात भारी पंप उचलला. मी म्हटलं, "चाचा, एका माशाला एवढा पंप?"

"पोरगा रोज व्हिडिओ कॉल करतो," चाचा म्हणाले. "मला नाय, शेरूला! त्याच्याशी गप्पा मारतो, मला 'जेवलात का अब्बा' विचारतो नि ठेवतो. शेरू गेला तर फोन कशाला करील?"

मी हसलो. चाचा हसले नाहीत. मग मी तोच पंप बांधून दिला.

*

आमच्या आळीतले एक निवृत्त मास्तर. "नवा पंप कशाला? शेतावरचा पडलाय की!" पाच एचपीचा! मी हात जोडले, पण मास्तर कोणाचं ऐकतात? बटण दाबलं, धार हौदात अशी आपटली की मासे पाण्यासकट उडून शेजारणीच्या अंगणात!

शेजारीण बाहेर आली, मासे बघितले आणि कपाळाला हात लावला. "अहो मास्तर, आज सोमवार हाय! बुधवारी पाठवायचे ना!"

*

गणपतीतली गोष्ट. एका काकूंचा फोन आला, फिल्टर तुंबलाय. माझा मेकॅनिक नामदेव गेला. उघडतो तर स्पंजभर शाडू! काकूंनी दीड दिवसाच्या बाप्पाचं विसर्जन माशांच्या हौदातच केलेलं. नामदेव स्पंज पिळायला बसला, तर काकू कडाडल्या, "आधी चपला काढ!"

पठ्ठ्या दोन तासांनी मोदक घेऊन परतला. मी विचारलं, "अरे, पंप चालू झाला का?"

"झाला. पण आरती संपेपर्यंत बटण दाबू देईनात!"

*

आणि चाचा. महिन्याभरात सकाळी सकाळी दुकानात हजर, चेहरा उतरलेला. पंपाच्या ओढीनं शेरू आत गेला होता. पंपाच्या तोंडाला लावायची जाळी द्यायला मीच विसरलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"संध्याकाळी फोन येईल," चाचा एवढंच म्हणाले.

आम्ही दोघांनी टाकीच्या काचेला नाक लावलं. केशरी, बोटाएवढा, डोक्यावर ठिपका. सापडला एकदाचा!

"ठिपका जरा डावीकडं हाय," चाचा म्हणाले.

"फोनवर कळत नाही हो," मी म्हटलं आणि जाळीसकट मासा त्यांच्या हातात दिला. पण त्या संध्याकाळी धाकधूक मलाच जास्त. नंतर चाचांनी सांगितलं, अस्लमनं काहीच विचारलं नाही, नेहमीसारखा शेरूशी बोलला आणि फोन ठेवला.

पुढे एक शेरू खंड्या पक्ष्यानं नेला. एक असाच गेला, कारण कळलं नाही. दर वेळी चाचा रोह्याहून पहिल्या एसटीनं यायचे आणि आम्ही दोघं ठिपका शोधत बसायचो. मी आलेल्या प्रत्येक मालातून ठिपकेवाले बाजूला काढून ठेवायला लागलो. दोन वर्षांत चार शेरू झाले.

गेल्या आठवड्यात दुकानात परदेशातून फोन. "काका, मी रोह्याचा अस्लम. अब्बा मासा तुमच्याकडूनच नेतात ना?"

मी कबूल करून टाकलं.

"अब्बांना काय बोलू नका," तो म्हणाला. "फक्त पुढच्या वेळी जरा मोठा द्या. दोन वर्षं झाली, शेरू अजून बोटाएवढाच हाय!"