देव्हाऱ्याचा पडदा

बिबवेवाडीत इंदुबाईंच्या पाळणाघराला पाटी नाही. तिसऱ्या गल्लीत ज्या दारापुढे दहा-बारा चिमुकल्या चपला उलट्यासुलट्या पडलेल्या दिसतील, ते त्यांचं घर. पत्ता विचारणाऱ्याला गल्लीतले लोक आधी "कशाला हवंय?" असं विचारतात, पण कडेवर मूल दिसलं की गुपचूप बोट दाखवतात. एवढा मान त्या गल्लीत दुसऱ्या कुणालाच नाही.

इंदुबाई मूळच्या परळीकडच्या. नवरा वैजनाथ मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर लागला, त्याच्यामागून त्या एकोणिसाव्या वर्षी पुण्यात आल्या. आता त्रेसष्ट वर्षांच्या आहेत. पुण्यात चाळीसवर वर्षं राहूनही त्यांच्या जिभेवरचं 'हाय' आणि 'न्हाई' काही गेलं नाही. पाळणाघराला अठ्ठावीस वर्षं झाली. इतक्या पोरांची नाकं पुसल्यावर माणसाची मतं पक्की होतातच, पण इंदुबाईंचं एक मत बाकीच्यांपेक्षा पक्कं होतं. मूल घालायला आलेल्या प्रत्येक आईबापाला त्या ते ऐकवायच्या.

"लेकरू देवाघरनं येतं. त्याला देव शिकवावा लागत न्हाई. आपसूक हात जोडतंय, बघा."

आणि पुरावा रोज संध्याकाळी तयार असायचा. दिवेलागणीला पोरं देव्हाऱ्यापुढे ओळीनं बसायची, हात जोडायची, डोळे घट्ट मिटायची. एक डोळा साखरेच्या वाटीवर असायचा, तो सोडून द्या. न्यायला आलेले आईबाप दारातच थबकायचे. घरी कुणाच्या बापाचं न ऐकणारं कार्टं इथे साधू होऊन बसलेलं! नव्या पोराचे हात पहिले दोन आठवडे इंदुबाई मागे बसून स्वतःच्या हातात धरून जुळवायच्या, हे मात्र कुणी पाहिलेलं नसायचं. त्या ते लपवत होत्या असं नाही. त्यांच्या ते लक्षातच नव्हतं. चालणाऱ्या पोराला आपण कधी बोट दिलं होतं, हे कोण लक्षात ठेवतं?

या मताला त्या इतक्या धरून का होत्या, ते गल्लीतल्या जुन्या बायकांना ठाऊक होतं. इंदुबाईंची पोर शालू चार वर्षांची असताना तापानं गेली. त्याला आता चौतीस वर्षं झाली. शेवटच्या दिवशी ती आईच्या मांडीवर होती. तिनं देव्हाऱ्याच्या दिशेनं दोन्ही हात जोडले आणि डोळे मिटले. बायका म्हणाल्या, लेकराला कळलं होतं, ओळखीच्या घरी गेली. हे वाक्य इंदुबाईंनी पदराला गाठ मारून ठेवलं. पोर आपल्या घरी गेली म्हटल्यावर रडायचं कशाला? रडलं तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. म्हणून त्या रडल्या नाहीत. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

अशा बाईकडे साडेतीन वर्षांपूर्वी ऋतुजा आणि रविराज आपली अकरा महिन्यांची पूर्वा घेऊन आले. दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरवाल्या कंपनीत. ऋतुजानं दूध, डायपर, झोप असं सगळं सांगून झाल्यावर घसा साफ केला.

"काकू, अजून एक रिक्वेस्ट होती. हिला देवाबद्दल काहीच सांगायचं नाही. जयजय, नमस्कार, काही नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल."

"आन् न सांगताच तिनं हात जोडले तर?" इंदुबाईंनी विचारलं.

रविराज हसला. "मग आम्हीही जोडू."

इंदुबाईंनी शब्द दिला. खरं तर त्या मनातून खूशच झाल्या. हरायची शक्यताच नसलेली पैज आयती दारात चालून आली होती. त्यांनी जुन्या हिरव्या इरकलीचा पडदा शिवला आणि देव्हाऱ्यावर टांगला. पूर्वाला सहाला न्यायला यायचे. ती गेली की पडदा उघडायचा, दिवा लागायचा, उरलेली पोरं बसायची. ऋतुजाची मीटिंग लांबली की देवही अंधारात ताटकळायचे.

"परळीच्या वैजनाथाला आता हिंजवडीची परवानगी लागती," असं त्याच नावाचा इंदुबाईंचा नवरा म्हणायचा. इंदुबाई वाट बघत होत्या.

पूर्वा रांगायचं सोडून चालू लागली, बोलू लागली. पुण्यात राहून देव कानावर पडायचा थांबत नाही. गल्लीत गणपती बसायचा, मिरवणूक निघायची. लोक हात जोडायचे, पूर्वा ढोलाकडे बघून टाळ्या वाजवायची. ढग गडगडले की ती इंदुबाईंच्या पोटात तोंड खुपसायची. गल्लीतलं कुत्र्याचं पिल्लू गाडीखाली गेलं तेव्हा दोन दिवस ते कुठं गेलं म्हणून विचारत राहिली. इंदुबाईंचं सगळं लक्ष तिच्या हातांवर असायचं. ते हात मातीत जायचे, वरणात जायचे, दुसऱ्याच्या केसांत जायचे. जुळायचे तेवढे नाहीत.

"अजून लहान हाय," इंदुबाई स्वतःला सांगायच्या. एक वर्ष सांगितलं, दोन वर्षं सांगितलं. पूर्वा चार वर्षांची झाली तेव्हा मात्र त्यांना हे वाक्य म्हणताना धाप लागल्यासारखं होऊ लागलं. हात आपसूक जुळत नसतील, तर शालूचे कसे जुळले होते? हा प्रश्न त्या कुणाला विचारू शकत नव्हत्या. स्वतःला तर नाहीच.

गेल्या डिसेंबरात एका सोमवारी जेवण झाल्यावर पूर्वाचं अंग तापलं. इंदुबाईंनी ऋतुजाला फोन केला. ती लगेच निघाली, पण हिंजवडीहून निघालेला माणूस कधी पोचेल ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. गल्लीतले डॉक्टर येऊन औषध देऊन गेले. "साधा ताप आहे, उतरेल. पट्ट्या ठेवा आणि घाबरू नका," असं बजावून गेले. इंदुबाईंनी आजवर शंभर पोरांचे ताप काढले होते. पण त्या दुपारी त्या एकच पट्टी पुन्हा पुन्हा पिळत होत्या. मांडीवरचं वजन ओळखीचं होतं.

साडेतीन वाजले. बाकीची पोरं झोपली होती. ताप काही हलेना. इंदुबाई पूर्वाला खांद्यावर घेऊन उठल्या, देव्हाऱ्यापाशी गेल्या आणि त्यांनी पडदा सरकवला. दिलेला शब्द तीन वर्षांत पहिल्यांदा मोडला. त्यांना देवाकडे औषध मागायचं नव्हतं, ते डॉक्टरांनी दिलंच होतं. पोरीचे हात जुळतात का, एवढंच त्यांना बघायचं होतं.

"बघ," त्या म्हणाल्या.

पूर्वानं जड डोळ्यांनी बघितलं. परळीच्या देवळाचा फोटो, खंडोबाचा टाक, पितळी बाळकृष्ण. बराच वेळ बघितलं.

"आजी, ह्या छोट्या छोट्या बाहुल्या तुझ्या आहेत?"

इंदुबाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांनाही कळलं नाही. पूर्वानं तोंड फिरवून त्यांच्या मानेत खुपसलं. मग तिनं उजव्या हाताचा अंगठा आत दुमडला, त्यावर चार बोटं मिटली आणि ती मूठ छातीशी घट्ट धरून ती झोपली. इंदुबाई तिला घेऊन खाली बसल्या आणि त्या मुठीकडे बघत राहिल्या.

पाचला ऋतुजा धावत आली तेव्हा ताप उतरला होता. पोर गाढ झोपली होती. मूठ तशीच होती.

"ताई, मी पडदा उघडला. शब्द मोडला," इंदुबाई म्हणाल्या. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

ऋतुजानं आधी पोरीच्या कपाळाला हात लावला. मग विचारलं, "काय म्हणाली?"

"बाहुल्या म्हणाली."

ऋतुजाला हसू आलं होतं, पण इंदुबाईंचा चेहरा बघून तिनं ते आवरलं.

"हे मुठीचं काय हाय?" इंदुबाईंनी विचारलं.

ऋतुजा जराशी लाजली. "ते मीच शिकवलंय. मी ऑफिसला निघाले की फार रडायची. मग सांगितलं, अंगठा म्हणजे तू आणि बोटं म्हणजे आई. भीती वाटली की असं धरायचं. दीड वर्षाची होती तेव्हा. मी शिकवलं हे आता तिला आठवतही नसेल. वेडेपणाच आहे तसा."

"वेडेपणा न्हाई," इंदुबाई म्हणाल्या.

पूर्वाला घेऊन ऋतुजा गेली. दिवेलागण झाली, पोरं ओळीनं बसली. पंधरा दिवसांपूर्वी आलेली शेफाली सगळ्यांत लहान. इंदुबाई नेहमीसारख्या तिच्या मागे बसल्या, तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि जुळवले. आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना आपले हात दिसले. त्यांनी ते तसेच धरून ठेवले. पोरं साखरेसाठी चुळबुळ करू लागली तरी त्यांना सुधरेना. शेवटी वैजनाथरावांनीच उठून साखर वाटली.

पोरं गेल्यावर घर शांत झालं. वैजनाथराव खुर्चीत बसून मटार सोलत होते.

"अहो," इंदुबाई म्हणाल्या, "शालूला हात जोडायला मी शिकवलं होतं."

"हो," ते म्हणाले. "तिच्या मागं बसायचीस आन् तिचे हात हातात घ्यायचीस. रोज."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग इतकी वर्षं बोलला का न्हाई?"

"तुला देव पुरत होता. म्या कशापायी मधी पडू?"

इंदुबाई खाली बसल्या. त्यांना तो दिवस आठवला, नेहमी आठवायचा तसाच, पण या वेळी त्यांचं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं नाही. शालू त्यांच्या मांडीवर होती, पाठ त्यांच्या पोटाला टेकलेली. रोज दिवा लावताना असायची तशीच. पोरगी घाबरली होती. घाबरल्यावर जे आईजवळ बसून करायचं ते तिनं केलं. फक्त त्या दिवशी तिचे हात धरायला आईचे हात पुढे आले नव्हते.

"ती देवाला हाक मारत न्हवती हो," त्या म्हणाल्या. "मला मारत होती. आन् मी देव्हाऱ्याकडं बघत बसले."

वैजनाथरावांनी मटारचं ताट बाजूला ठेवलं आणि ते खुर्चीतून उतरून त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. दिवा तेवत होता. कुणी तो विझवला नाही, की त्याच्याकडे बघितलंही नाही. शालू जाऊन चौतीस वर्षं झाल्यावर त्या संध्याकाळी इंदुबाई तिच्यासाठी रडल्या.