इनासबुवांचं पान

इनासबुवा गेल्याची बातमी मला शाळेत कळली. पिंपरीच्या कारखान्यातला एक ख्रिस्ती कामगार सायकल मारत आमच्या गावापर्यंत आला आणि वर्गाच्या दारात उभा राहून म्हणाला, "बाई, ब्रदर गेले. पुण्यात मातीसुद्धा झाली." मुलं पाढे म्हणत होती. मी त्यांना थांबवलं नाही... त्या गलक्यातच ऐकून घेतलं ते बरं झालं. संध्याकाळी देवळात माझ्या थोरल्या भावाने ही बातमी सांगितली आणि सगळं गाव हळहळलं. कुणी देवमाणूस म्हणालं, कुणी गरीब बिचारा म्हणालं, दोघातिघांनी डोळ्यांना उपरण्याचं टोक लावलं. हळहळण्यात आमचं गाव कधी कुणाला हार गेलेलं नाही. माणूस जिवंत असताना त्याच्याशी कसं वागावं, एवढंच तेवढं जमत नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. राग जरा निवला की लिहू, म्हणून थांबले होते. तो काही निवत नाही, तेव्हा आता तसंच लिहिते.

ब्रदर इनास हे कॅथलिक संन्यासी. मूळचे वसईकडचे, बागायतदाराच्या घरातले, ऐन तारुण्यात पुण्याच्या एका मठात गेलेले. देहू आणि चऱ्होलीच्या मधे, इंद्रायणीकाठी आमचं गाव आहे. तिथे घाटाजवळच्या एका पडक्या खोलीत ते राहायला आले तेव्हा मी नुकतीच गावच्या शाळेत लागले होते. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली बाई आणि झगा घातलेला, कमरेला दोरी बांधलेला बुवा, दोघांकडेही गाव तेव्हा सारख्याच संशयाने बघायचं. हा माणूस आपल्याला बाटवायला आलाय अशी सगळ्यांची खात्री होती. वर्ष गेलं, त्यांनी कुणालाच बाटवलं नाही, तेव्हा गावाला थोडा अपमानच वाटला. मी एकदा सरळ विचारलं, की मग तुम्ही आलात तरी कशाला? ते म्हणाले, "बाई, दोन धर्मांची माणसं एकमेकांविषयी खूप बोलतात, एकमेकांशी देवाविषयी कधी बोलत नाहीत. मला ते बोलायचंय."

आणि बोलायचे, अगदी जीव नकोसा होईपर्यंत. खोटं कशाला सांगू, इनासबुवा हा प्रश्न विचारून माणसाला पिडणारा गृहस्थ होता. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका त्यांना लांबून येताना पाहून बादल्या उचलायच्या. नैवेद्य दाखवल्यावर देव काय खातो, तुळशीलाच पाणी का घालायचं, मेलेल्या माणसासाठी कावळ्याला का बोलवायचं... उत्तर मिळेपर्यंत हटायचे नाहीत, आणि मिळालं की आपल्याकडे काय करतात ते सांगत बसायचे. एकदा मात्र त्यांनी मला हसवलं. म्हणाले, तुमचे अभंग ऐका नाहीतर आमच्या वसईच्या म्हाताऱ्यांच्या प्रार्थना ऐका, दोघांचंही देवाशी अरे-तुरे आहे. मग आपणच एकमेकांना अहो-जाहो का करत बसलोय? पण मला 'अगं' म्हणायची त्यांची हिंमत काही शेवटपर्यंत झाली नाही.

देवळातलं भजन माझ्या भावाच्या हातात होतं, अजूनही आहे. गाव त्याला बुवा म्हणतं, मी दादा म्हणते. आवाज गोड, पाठांतर दांडगं आणि शब्द असा की गावात त्याच्यापुढे पाटलाचंही चालत नाही. इनासबुवा पहिल्याच महिन्यात त्याच्याकडे गेले आणि भजनाला बसू का, म्हणून विचारलं. दादाने पायरीवर बसायची परवानगी दिली. वर्षांमागून वर्षं ते देवळाच्या पायरीवर बसून राहिले, पावसात डोक्यावर पोतं घेऊन. आतले लोक टाळ चुकायचे, ते बाहेर टाळीवर ठेका धरून बसलेले असायचे. दादाला त्यांची टाळी आवडायची. बेताल म्हाताऱ्यांना तो त्यांचं उदाहरण द्यायचा, पण आत बोलवायचा नाही.

देवाविषयी बोलणं व्हायचं ते भजन संपल्यावर. एकदा दादाने विचारलं, तुमच्या देवळात परसाद काय असतो? इनासबुवांनी सांगितलं, की गव्हाच्या पिठाची कागदासारखी पातळ चकती असते, पण मिस्सा झाली, म्हणजे आमची पूजा झाली, की ती भाकर राहत नाही, प्रत्यक्ष प्रभू होतो, आणि तो आम्ही ग्रहण करतो. हे सांगताना त्यांचा आवाज कापला होता. मग दादा म्हणाला, "म्हंजी देवालाच खाता व्हय?" आणि देऊळ हसून हसून लोळलं. दुसऱ्या दिवसापासून शाळेतली पोरं त्यांना देवखाऊ म्हणायला लागली. मी दोघांना छड्या दिल्या. तिसऱ्याने सांगितलं, की हे नाव तुमच्याच घरातून आलंय बाई.

एवढं होऊनही त्यांना एकच गोष्ट हवी होती. एकादशीचा उपास आमच्याकडे द्वादशीच्या सकाळी सोडतात, त्याला बारस सोडणं म्हणतात. त्या दिवशी आमच्या अंगणात भजनकऱ्यांची पंगत बसते. इनासबुवा आपणहून एकादश्या धरायचे आणि द्वादशीला खोलीत एकटेच भाकरी खाऊन त्या सोडायचे. एका पाडव्याला दादा देवळात पंचांग वाचून उठला तेव्हा त्यांनी हात जोडून विचारलं, की एकदा, फक्त एकदा, मला तुमच्या पंगतीत बारस सोडू द्याल का? सगळ्यांसमोर विचारल्यामुळे दादाला नाही म्हणता येईना. त्याने हातातलं पंचांग थोडा वेळ चाळलं आणि म्हणाला, "आजपासून मार्गशीर्षातल्या मोक्षदा येकादशीपातुर येक बी चुकवू नका. मंग तुमचं पान मांडतो."

इनासबुवा किती हरखले होते ते काय सांगू. त्या वर्षी नेमका अधिक महिना आला, दोन एकादश्या वाढल्या, त्याही त्यांनी धरल्या. ताप अंगात असताना आषाढातली धरली. माझा दादा एकादशीला चार वेळा चहा घेतो आणि तंबाखू तर मोजतच नाही, कारण ते अन्न नव्हे. इनासबुवा पाण्यावर राहायचे. दिवाळीच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, की मोक्षदा एकादशी यंदा बरोबर नाताळच्या दिवशी येतेय. मी तशीच उठून दादाकडे गेले. "तुला पाडव्यालाच ठाऊक होतं ना?" असं विचारलं, तर तो सुपारी कातरत राहिला. शेवटी म्हणाला, त्यात काय, ज्याला पंगतीला बसायचं त्याने आपला सण सोडावा. मी इनासबुवांना सांगायला गेले तर त्यांना आधीच माहीत होतं. त्यांच्या धर्मात नाताळला उपास करत नाहीत, तो आनंदाचा दिवस. "प्रभू समजून घेईल," म्हणाले. प्रभूचं मला माहीत नाही, प्रभूची माणसं समजून घेणार नाहीत एवढं मला तेव्हाच दिसत होतं.

नाताळला मी त्यांच्याबरोबर पिंपरीला चालत गेले. कारखान्यात लागलेली नगरकडची काही ख्रिस्ती कुटुंबं तिथल्या चाळीत राहत होती आणि त्यांच्यासाठी पुण्याहून मठाचे वरिष्ठ फादर मिस्सा करायला आले होते. गोरे, उंच, मराठी अगदी पुस्तकातलं बोलणारे. मिस्सा झाली, इनासबुवांनी गुडघे टेकून प्रसाद घेतला. मग चाळीच्या व्हरांड्यात पानं मांडली. मटण होतं, भात होता, पुण्याहून आणलेला केक होता. सगळे जेवायला बसले आणि इनासबुवांनी पाण्याचा पेला तेवढा घेतला. फादर म्हणाले, "ब्रदर, आज प्रभूचा जन्म झाला. आज उपवास करणे हा त्याचा अपमान आहे." इनासबुवा हळूच म्हणाले, की मी शब्द दिलाय, शेजाऱ्यांना. फादरांनी केकचा तुकडा कापून त्यांच्यासमोर ठेवला आणि वाट बघत राहिले. चाळीतली माणसं घास हातात धरून बसली होती. इनासबुवांचे डोळे भरून आले, पण हात काही पुढे झाला नाही. तेव्हा फादरांनी तो तुकडा शांतपणे शेजारच्या मुलीला दिला आणि म्हणाले, "ठीक आहे. मग इथून पुढे त्यांच्याकडेच जेवा."

दुसऱ्या दिवशी द्वादशी. इनासबुवा पहाटे नदीवर अंघोळ करून, धुतलेला झगा घालून आमच्या अंगणात आले. मी स्वतः त्यांचं पान मांडलं होतं, पंगतीच्या शेवटी, पण पंगतीतच. पत्रावळीवर मीठ, लिंबू, चटणी, वरणभात वाढून झाला होता. ते बसायला वाकले आणि दादाने विचारलं, "काल अन्नाचा कण तोंडात गेला न्हाई ना?" नाही म्हणाले असते तर काय झालं असतं? कुणी बघायला गेलं होतं का? पण हा माणूस तसाच वाकलेला, म्हणाला, "सकाळी प्रसाद घेतला, बुवा. तेवढाच."

"गव्हाचा?"

"हो."

मी मधे पडले. म्हटलं, दादा, ती चकती नखाएवढी असते, फुंकलं तर उडेल. आणि तूच तर म्हणालास, ते देवाला खातात. मग देव म्हणजे अन्न कसा? पंगतीत कुणीतरी हसलं. दादा हसला नाही. "त्यांच्यासाठी देव आसंल. आमच्यासाठी गहूच हाय," म्हणाला, आणि मला पान उचलायला सांगितलं. मी उचललं नाही. तेव्हा तो स्वतः उठला, वाढलेली पत्रावळ दोन्ही हातांनी नीट उचलली, गोठ्यात नेली आणि गाईपुढे ठेवली. गाईने ती सगळ्यांच्या देखत खाल्ली. इनासबुवा म्हणाले, "बुवांचं बरोबर आहे. नियम तसाच आहे." आणि सगळ्यांना नमस्कार करून निघून गेले. त्यांच्या या चांगुलपणाची मला आजही चीड येते. त्यांनी एकदा, एकदाच शिवी हासडली असती तर मला आज एवढा त्रास झाला नसता. पंगत पुढे नीट पार पडली, लोकांनी वरण दोनदा मागून घेतलं.

आठवडाभरात मठातून बोलावणं आलं. खोलीला कुलूप लागलं आणि इनासबुवांची रवानगी मठाच्या धोबीखान्यात झाली. बाहेर जायचं नाही, कुणाशी धर्माविषयी बोलायचं नाही असा हुकूम होता. सतत ओल्यात उभं राहून छातीचं दुखणं जडलं. मी त्यांना एकदाच भेटले, गेल्या थंडीत. डब्यात वरणभात नेला होता, लिंबूचटणीसकट. भेटीच्या खोलीत एका बाकावर ते बसले, दुसऱ्या बाकावर मी. हात पांढरेफटक पडून सुरकुतले होते. डबा पाहूनच आत काय असेल ते त्यांनी ओळखलं. पण वरिष्ठांना विचारल्याशिवाय बाहेरचं खायचं नाही असा नियम. ते विचारायला गेले आणि बऱ्याच वेळाने नुसतेच परत आले... म्हणाले, आज नको म्हणाले. मी डबा तिथेच उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वास घेतला, अगदी डोळे मिटून, आणि झाकण लावून मला परत दिला. मग खोकल्याची उबळ थांबल्यावर विचारलं, की भजनात आता टाळ कोण चुकतं. मी खरं ते सांगितलं, सगळेच. त्यावर ते पुष्कळ वेळ हसले. तीच आमची शेवटची भेट. येताना मी तो डबा चिंचवडच्या स्टेशनवर एका भिकाऱ्याला दिला. घरी आणून गाईला घालणं मला शक्य नव्हतं.

आता मागच्या द्वादशीचं सांगते, म्हणजे झालं. आमच्या गावात मिशनचा दवाखाना यायचं घाटतंय. जागा गावाने द्यायची, इमारत मठाने बांधायची. दोन्हीकडच्यांना एकदम इनासबुवांची आठवण झाली आणि त्यांच्या नावाने गावजेवण घालायचं ठरलं. आमच्याच अंगणात पंगत बसली. सोडायला त्या दिवशी बारसच होती, त्यामुळे भजनकरी भुकेले होते. पहिल्या पानावर दादा आणि त्याच्या मांडीला मांडी लावून पुण्याचे वरिष्ठ फादर, बूट काढून, कपाळाला बुक्का लावून घेतलेले. आदल्या दिवशी त्यांनी एकादशी धरली होती का, असं कुणी विचारलं नाही. जेवणाआधी दोघं बोलले. दादा म्हणाला, इनासबुवा आमच्यातलेच होते. फादर म्हणाले, ब्रदर इनास यांनी दोन धर्मांना एका पंगतीत आणून बसवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुंदीचे लाडू होते. मी वाढत होते आणि दादा मला पुन्हा पुन्हा सांगत होता, "आग्रेव करून वाढ इंदे, इनासबुवांच्या नावाचं हाय."

लाडवांची परात घेऊन मी त्या दोघांसमोर थांबले. सगळं अंगण भरलं होतं, दारापर्यंत पानं होती. मला भांडायचं नव्हतं, खरंच जाणून घ्यायचं होतं. मी विचारलं, "दादा, आज ते असते, तर त्यांचं पान कुठं मांडलं असतंस?"

दादाने पंगतीवरून एकदा नजर फिरवली. तो खोटं बोलत नाही, एवढं मी त्याच्याबद्दल सांगेन.

"ते आसते तर पंगत कशापायी घातली आसती?" तो म्हणाला, आणि फादरांच्या पानात आणखी एक लाडू वाढायची मला खूण केली.