दुसरा गळा

"शेवटवर आयक, मंग बोल," असं म्हणून मास्तर एका हातानं फोन माझ्या कानाशी धरायचे आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. गाणं संपेपर्यंत सुटका नाही, असा त्यांचा बेत असे. पण वडशात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्याला गिऱ्हाईक हे फार सोयीचं कारण असतं. दुसऱ्या कडव्यापर्यंत कोणीतरी येऊन उभं राहायचंच, आणि मी मनगट सोडवून घ्यायचो.

सगळे त्यांना मास्तरच म्हणत. झाडीपट्टीच्या नाटकांत त्यांनी पंचवीस हिवाळे गाऊन काढले होते. मग आवाज बसला तो उठलाच नाही. दुसरा कोणी असता तर घरी बसून जुने फोटो दाखवत राहिला असता. हे माझ्या दुकानात आले आणि खरखरत्या आवाजात म्हणाले, "भाऊ, आता मशीन गाते म्हन्ते. मले शिकव."

शिकवलं. शब्द कुठे लिहायचे, चाल कशी हवी ते कसं सांगायचं, तयार झालेलं गाणं चॅनलवर कसं चढवायचं, सगळं. तुमच्याही ओळखीत असा एखादा उत्साही माणूस असेल तर सांगतो, शिकवताना पुढचा विचार करा. तेव्हापासून माझ्या दुकानातला एकुलता एक जास्तीचा स्टूल त्यांचा झाला.

त्यांनी गाण्यासाठी बाईचा आवाज निवडला होता आणि तिला ते नव्या नटीसारखी तालीम द्यायचे. "बाई, दम घ्या! मी तिथी जागा ठेवली हाये दम घ्याले!" फोनमधली बाई काही दम घ्यायची नाही. "हिले फेफडेच नाईत, त दम कुठून घेईन?" मी म्हणायचो. "पन गान्याले लागते ना," ते म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून.

ऐकणारे जमवायची त्यांची पद्धत मात्र नाटक कंपनीची होती. पहिलं गाणं चॅनलवर येणार म्हणून त्यांनी ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव पुकारा केला, "आज सायंकाळी ठीक सहा वाजता!" पत्ता अर्थात माझ्या दुकानाचा. सहाच्या आधीच जवळच्या खेड्यातल्या तिघी-चौघी चटया आणि ब्लँकेटं घेऊन हजर. नाटकाला जाताना आपल्याकडे असंच जातात. मास्तरांनी त्यांना दुकानासमोर बसवलं आणि काउंटरवर फोन उभा केला. थोडा वेळ बघून एकीनं विचारलं, "कलाकार कुठी हाये?"

मास्तर फोनकडे बोट दाखवत राहिले. बायका चटया गुंडाळून गेल्या.

चॅनलवरही तेच. किती जणांनी बघितलं, त्यापेक्षा किती वेळ ऐकलं, हे ते मला वाचायला लावत. कोणी अर्ध्या मिनिटापुढे टिकत नव्हतं. "हजार लोक नाई पायजेत मले," ते एकदा म्हणाले, "एकच पायजे. पन शेवटवर आयकनारा." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले होते. मी तेव्हा कोणाच्या तरी फोनचं चार्जिंगचं भोक साफ करत होतो.

मोहफुलांच्या दिवसांत जंगलाकडच्या गावातून माझी बहीण आली. पहाटे बायका मोह वेचायला जातात, आणि वाघ तर आता मोहर्लीचं राखीव जंगल सोडून सगळीकडेच आहे. तिला गलका करणारं काहीतरी स्पीकरसाठी हवं होतं. मी मास्तरांचं निरोपाचं गाणं मेमरी कार्डात भरून दिलं. नटानं रंगभूमीला दिलेला निरोप होता तो. त्यातला भोंग्यासारखा ऑर्गन वाघाला पुरेसा होता. मास्तरांना मी एवढंच सांगितलं, की तिकडे तुमचं गाणं फार चालून राहिलंय.

ते ऐकून हा माणूस दुसऱ्याच दिवशी भल्या पहाटेच्या जीपनं तिकडे गेला. दुपारी परत आला तेव्हा मी खाली मान घालून बसलो होतो.

"वाघाले भगवाले लावतेत माह्यं गानं," मास्तर म्हणाले. स्टुलावर बसले. पाणी मागितलं, प्यायले. मग त्यांचा चेहरा उजळला. "पन शेवटवर लावतेत!"

त्यानंतर त्यांनी मला कधी आकडे वाचायला लावले नाहीत. त्या हिवाळ्यात, नाटकांचा हंगाम भरात असताना, ते गेले. स्टूल मी उचलला नाही. चॅनलचा पासवर्ड त्यांच्याबरोबरच गेला.

मोह पडायला लागला तेव्हा मी बहिणीकडे गेलो होतो. पहाटे तिच्याबरोबर झाडाखाली गेलो. स्पीकरची बॅटरी उतरली होती, तर बायका वेचता वेचता स्वतःच ते गाणं म्हणायला लागल्या. वाकून फुलं उचलताना दम लागायचा, तिथे त्या थांबायच्या. मास्तरांनी जागा ठेवली होती नेमकी तिथेच. दुसरं कडवं झालं, तिसरं झालं. इथे कोणी गिऱ्हाईक येणार नव्हतं. जुने शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतात, मास्तरही गुंफणार असं मला वाटलं.

"गळा गेला, म्हनलं मनी, आता कसा गाऊ?
दुसरा गळा देऊन गेला मोबाईलवाला भाऊ."

मी तिथेच खाली बसलो. मला माझीच इतकी लाज वाटली, की वर बघवेना.

"काय झालं?" बहिणीनं विचारलं. "तुले माईत नव्हतं? आमाले वाटलं, तूच सांगून ते कडवं टाकाले लावलं."

"गिऱ्हाईक यायचं मधेच," मी म्हणालो.