बेळ्ळंदूरची बैठक

मिरजेहून निघालेली गाडी सकाळी बंगळूरला पोचली, तेव्हा गायत्री फलाटावर उभी होती. जंतूंवर संशोधन करणारी ही मुलगी मला तोवर फोनवरच ठाऊक. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेची माझी जखम चिघळली, एकही प्रतिजैविक लागू पडेना, तेव्हा डॉक्टरांनी नमुना तिच्या प्रयोगशाळेत पाठवला. कोणतं औषध चालेल ते तिथून कळलं, म्हणून मी वाचले. सापडलेल्या जंतूंची माहिती देशोदेशी एकमेकांना कळवायच्या तिच्या प्रकल्पाला तीन देशांची सरकारं मिळून निधी देत. त्यातलं एक आता हात आखडता घेणार, अशी कुणकुण होती. त्यासंबंधीच्या बैठकीत मला रुग्ण म्हणून बोलायचं होतं.

मल्लेश्वरमला तिच्या घरी न्याहारी झाली. तिची आई पिढीजात बंगळूरकर मराठी. डोशावर लोणी घालत म्हणाली, "अक्का, अजून स्वल्प (थोडं) घ्या की!" धास्तीनं घास उतरणार नाही असं वाटलं होतं, दोन डोसे उतरले.

बैठक बेळ्ळंदूरला होती. तिथल्या तळ्याजवळ वाहनांच्या गर्दीत आमची रिक्षा जी अडकली ती अडकलीच. पाण्यावर सांडपाण्याचा पांढरा फेस तरंगत होता.

"औषधांना न जुमानणारे जंतू याही पाण्यात सापडतात," गायत्री म्हणाली.

भाषणाचा कागद काढायला पिशवीत हात घातला, तर कागद नाही! मल्लेश्वरमलाच राहिला होता.

"राहू दे काकू. आठवेल ते बोला," म्हणत तिनं मला उतरवलं. उरलेला रस्ता आम्ही पायीच, जवळजवळ धावत गाठला.

खोलीत आठ-दहा माणसं होती आणि पडद्यावर, हात आखडता घेऊ पाहणाऱ्या त्या देशाच्या एक बाई. त्यांचा प्रश्न गायत्रीनं मराठीत सांगितला : "तुम्ही बऱ्या झालात. मग हे काम पुढं कशासाठी चालवायचं?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "माझ्या शेजारच्या खाटेवर सुलभा होती. तिचीही जखम चिघळली होती. माझा जंतू आधी तुमच्याकडं सापडला होता, तुम्ही तो इथं कळवलात, म्हणून माझं औषध मिळालं. तिचा जंतू कुणालाच ओळखता आला नाही. ती गेली. तो अजून ओळखायचा राहिलाय."

गायत्रीनं ते इंग्रजीत सांगितलं.

आम्हाला बाहेर बसवलं. तासाभरानं तिला आत बोलावलं. ती परतली ती दारातूनच ओरडत, "काकू, तिन्ही देश! पुढची पाच वर्षं!" आणि तिथंच पायरीवर बसून हसत-रडत राहिली. मीही शेजारी टेकले.

परतीच्या गाडीत किती दिवसांनी गाढ झोप लागली! मिरज जवळ आल्यावर जाग आली आणि मनात आलं, मी आजारी पडण्याच्या कितीतरी आधी अशाच एका खोलीत, माझं नावही माहीत नसलेल्या माणसांनी 'हो' म्हटलं होतं. या वेळी, पुढं कधीतरी त्या खाटेवर येणाऱ्या कुणासाठी ते 'हो' म्हटलं गेलं, तेव्हा मी दाराबाहेर बसले होते.