पाच पायऱ्या आणि मुरगळलेला पाय

"साहेब, आईनं घर सोडलंय," विलास फोनवर म्हणाला. "तुमी एकदा येऊन बघा."

मुरबाडच्या स्टँडजवळच्या माझ्या ऑफिसात त्या वेळी तीन जण बसले होते. तिघांनाही घराला 'एंट्रन्स' हवा होता. दोन हजार सालानंतर आमच्याकडे ही टूमच निघाली होती. घर मागून कसंही असो, समोरून हॉटेल दिसलं पाहिजे. मी डिप्लोमावाला सिव्हिल इंजिनियर. वीस वर्षं प्लॅन काढून काढून खरं तर विटलो होतो. जो जे मागेल ते काढून द्यायचं आणि मोकळं व्हायचं, असं चाललं होतं.

विलासलाही तसंच काढून दिलं. त्याचं गाव धसईच्या पुढे, नोकरी कल्याणला. जुन्या घराची ओटी, म्हणजे दारापुढची बसायची जागा, पाडली आणि तिथं पोर्च घेतला. दोन गोल कॉलम, काळं ग्रॅनाइट, त्याला आरशासारखं पॉलिश, आत शिरल्यावर शू-रॅक. प्लिंथ, म्हणजे अंगणापासून घरातल्या लादीपर्यंतची उंची, अडीच फूट मीच धरायला लावली. रस्ता दर डांबरीकरणाला वर येतो आणि मग पावसाचं पाणी घरात शिरतं. अडीच फुटांना पाच पायऱ्या लागतात. कागदावर सगळं चोख होतं.

घर सोडलं म्हणजे काय, ते तिथं गेल्यावर कळलं. विलासची आई भिमाबाई जेवायला आणि झोपायला घरीच होती. पण सकाळी चहा झाला की तेलाची बाटली घ्यायची आणि शेजारी धाकट्या जावेच्या ओटीवर जाऊन बसायचं, ते पार दुपारपर्यंत. भिमाबाई, सगळ्यांची आजी, मुरगळलेले हातपाय चोळून द्यायची. बांधावरून घसरलेली, बैलानं पाय दिलेली माणसं आसपासच्या गावांतून सकाळीच यायची. हाड मोडल्यासारखं वाटलं तर ती हात लावत नसे, सरळ दवाखान्यात धाडायची. हे सगळं मला ठाऊकच नव्हतं. प्लॅन काढताना मी फक्त विलासशी बोललो होतो.

"लोकं इचारतात, आईला बाहेर काढलीस का," विलास म्हणाला. "तिच्यासाठी तर बांधलंय हे. मला घास गोड लागत नाय, साहेब."

मी टेप काढली आणि पुन्हा मापं घ्यायला लागलो. चूक सापडेना. पायऱ्या नुकत्याच पुसलेल्या होत्या. दुसऱ्या पायरीवर माझा पाय सटकला आणि मी खाली आपटलो. घोटा बघता बघता सुजला.

"वर सोफ्यावर चला," विलास म्हणाला.

"नाही रे जमणार. खालीच कुठं तरी बसव."

पण खाली बसायला काही नव्हतंच. मी ठेवलंच नव्हतं. शेवटी मला धरून त्यानं शेजारच्या ओटीवर नेलं.

"कोन रे ह्यो?" आजीनं विचारलं.

"आपल्या घराचा इंजिनियर."

आजीनं घोटा दाबून पाहिला. "मोडला नाय. मुरगळलाय. गप बस आता."

तिनं चोळायला घेतलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कळ विसरायला म्हणून मी विचारलं, "आजी, एवढा पोर्च केलाय. तिथं का नाही बसत?"

"मी बसंन रे. येनारा कसा चढंल? तू चढलास?"

तोंडात मारल्यासारखं झालं. आजी मात्र चोळता चोळता बोलतच होती. "पयल्या दिशी एक बाई आली, पाय सुजलेला. खालीच उभी. म्हनाली, माजे चिखलाचे पाय, तुमची लादी खराब होईल. तशीच परत गेली. मंग म्हटलं, मीच जाते कुठं तरी."

"विलासला सांगायचं ना."

"त्यानं हौसेनं बांधलाय. कसं सांगू?"

विलास तिथंच उभा होता. "आई, मला बोलायचं तरी," तो हळूच म्हणाला.

"तू इचारलास कवा?"

विचारलं तर मीही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात लंगडत लंगडत पुन्हा गेलो. या वेळी आजीला अंगणात उभं केलं आणि बसायचं कुठं ते तिलाच दाखवायला सांगितलं. पोर्चच्या उजव्या अंगाला सोळा इंच उंचीचा ओटा घेतला. सोळा इंच म्हणजे खुर्चीची उंची. अंगणातून आलेला माणूस पायरी न चढता थेट टेकतो आणि पाय लांब करतो. आजीला घरातून उतरायला मध्ये दोन पायऱ्या. वर साधा सिमेंटचा कोबा, कारण तेल सांडणार. ग्रॅनाइटचं पॉलिश घालवून ते खरखरीत केलं.

पौषात म्हसा गावची जत्रा भरते, तिच्याआधी काम झालं. तरी आजी येईना. जावेनं अडचणीत जागा दिली, तिथून उठून कशी येऊ, असं तिचं म्हणणं. मी कपाळाला हात लावला. चौथ्या दिवशी जावेनंच तेलाची बाटली उचलली, आजीचा हात धरला आणि तिला नव्या ओट्यावर आणून बसवलं. स्वतःही शेजारी बसली. जत्रा झाल्यावर विलासचा फोन आला की दारात इतकी माणसं बसतात की त्याला कामावर निघायला वाट मिळत नाही. त्याचा आवाज एकदम मोकळा होता.

आता कोणी एंट्रन्स मागायला आलं की मी आधी विचारतो, तुमच्या दारी रोज कोण येतं? बहुतेकांना पटकन सांगता येत नाही. एकदा बायकोनं मलाच हा प्रश्न टाकला. बराच विचार केला. आमच्या दारी रोज फक्त पेपरवाला येतो, आणि तोही पेपर गेटवरूनच फेकतो.